दुसरा ब्रेक

गाडी थांबली, पण ती मास्तरांनी थांबवली नव्हती.

थांबली तीही अशी, की मागच्या सीटवरची बाईंची पर्स धपकन खाली आली, आतलं सगळं पायपुसण्यावर सांडलं, आणि बॉनेटपासून हातभर अंतरावर डोक्यावर गुंडाळलेली गादी घेतलेला एक माणूस जागच्या जागी खिळला. गादी दोन्ही बाजूंनी कानांवर लोंबत होती. बिचाऱ्याला स्वतःच्या पायांपुढचं काही दिसत नसणार. तरी त्यानं गादी जराशी उचलली, खालून डोळे वटारले आणि “दिसत नाही का?” म्हणून वर यांनाच झापलं. आता बोला! पण रस्त्यावर जो आधी ओरडेल तो खरा, हे काय मास्तरांना कुणी नव्यानं सांगायला हवं होतं? तो तरातरा निघून गेला. मागून कुणीतरी हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. बाईंनी स्टिअरिंग असं धरलं होतं, जणू कुणी ते हिसकावून पळणार आहे. “तुम्ही होतात म्हणून हो, मास्तर,” त्या पुटपुटल्या, “नाहीतर आज मी त्याला...” मास्तर म्हणाले, “मी आहे ना. घाबरायचं नाही.” हे वाक्य म्हणायला त्यांना डोकं लागत नसे, ते तोंडालाच पाठ होतं. म्हणून झालं, आणि मग त्यांनी खाली पाहिलं.

खाली पाहायची त्यांना सवय नव्हती. तीसेक वर्षं ते या बाजूच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवत आले, पण स्वतःच्या पायाकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहायची वेळच आली नव्हती. आज पाहिलं. मांडी अजून ताठ होती, गुडघा आवळलेला होता, म्हणजे पायानं जोर लावला होता यात शंका नाही. जोर लावला होता तो पॅडलच्या शेजारी, जिथं पत्र्याचा उंचवटा आहे आणि त्यावर काळं रबर चिकटवलंय, त्याच्यावर. बुटाचा अख्खा पंजा त्या रबरावर रुतलेला. आणि शेजारी त्यांच्या बाजूचा ब्रेक आपला तळापर्यंत दबून बसला होता, कारण पलीकडं बाईंनी त्यांचा ब्रेक जीव खाऊन दाबला होता आणि दोन्ही ब्रेक खालून एकाच दांडीनं जोडलेले असतात. मास्तरांच्या बाजूच्या ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता. हे सांगायला असा काय वेळ लागतो? बाई, गाडी तुम्ही थांबवलीत, मी नाही. संपलं. मास्तरांनी तोंड उघडलंही. पण त्यातून “चला, पहिला गिअर टाका” एवढंच बाहेर पडलं.

बाई ग्रंथालयात कामाला होत्या. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. आयुष्यभर लोकांना ‘शू, हळू बोला’ सांगून सांगून त्यांचा स्वतःचाही आवाज बसला होता. गाडीतसुद्धा त्या कुजबुजतच बोलत, गिअर बदलला की “दुसरा” असं स्वतःशी पुटपुटत. त्यांच्या नवऱ्याची नजर गेली होती. पार गेली नव्हती, पण गाडी चालवण्यापुरती गेली होती, आणि त्यांची गाडी इमारतीखाली धूळ खात पडली होती. म्हणून या वयात बाई शिकायला आल्या. पहिल्या दिवशी दार उघडून त्या चाकामागं बसल्या आणि लगेच उतरल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उतरल्या. तेव्हा मास्तरांनी त्यांना आपल्या बाजूचे पॅडल दाखवले होते. हे बघा, हा दुसरा ब्रेक. तुमचा चुकला तर हा आहे. माझा पाय याच्यावर आहे तोवर मुंगीसुद्धा मरणार नाही. बाईंनी वाकून तो ब्रेक नीट पाहून घेतला, पुस्तकाच्या बांधणीचा कणा पाहावा तसा, आणि मग कुठं त्या बसल्या. बाई बसल्या त्या या एका पायाच्या भरवशावर, दुसऱ्या कशाच्याही नाही.

आणि तो पाय होताच तसा. लोकांना वाटतं, शिकवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. असतं, पण ते डोळ्यांचं. खरं शिकवणं तळव्यातून चालायचं. पलीकडच्यानं ब्रेकला नुसता पाय टेकवला तरी ती हालचाल दांडीतून इकडं मास्तरांच्या तळव्याला यायची. भित्रा माणूस ब्रेकला असा स्पर्श करतो, जसा गरम तव्याला. घमेंडखोर माणूस पाय लांब ठेवतो आणि ऐनवेळी आदळतो. घरी भांडून आलेला माणूस विनाकारण दाबत बसतो. एकदा एक तरुण नवरा-नवरी जोडीनं शिकायला आले होते, आणि मास्तरांना दोघांच्या पायांवरूनच कळलं होतं की यांचं फार दिवस टिकायचं नाही. पुढं नाहीच टिकलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माझा पाय नका वाचू म्हणजे झालं.” ती हसली होती. तिला त्यांनी कधी शिकवलंच नाही. तुला कशाला, मी आहे ना. गल्लीतले त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. कुणाच्याही गाडीत बसले, अगदी बसमध्ये उभे राहिले, तरी वळण आलं की यांचा पाय जमिनीवर ब्रेक दाबे. बायको म्हणायची, झोपेतसुद्धा लाथ मारता, कुणाला वाचवत असता देव जाणे. मग हे सगळं नक्की कधी थांबलं? एका दिवशी थांबलं असतं तर कळलं असतं. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्यासारखं झालं, ते जाईना. मग रात्री अंथरुणात तळवे पेटायचे, आणि चादरीचा स्पर्शही नको व्हायचा. पुढं तेही थांबलं, तेव्हा मास्तरांना हायसं वाटलं होतं! गुण आला म्हणे. साखरेच्या गोळ्या वेळेवर घेतो, त्याचा गुण. कसला गुण आणि कसलं काय. जळायला तिथं काही उरलंच नव्हतं. त्यानंतर सगळ्या जमिनी सारख्या झाल्या. घरातली फरशी, बाहेरचा डांबरी रस्ता, बागेतली वाळू, सगळं जाड सतरंजी अंथरल्यासारखं. लहानपणी शाळेच्या व्हरांड्यातली कुठली फरशी हलते हे त्यांना अनवाणी पायानं पाठ होतं. लग्नानंतर ती दोघं समुद्रावर गेली होती, तेव्हा लाट परत जाताना टाचेखालची वाळू कशी निसटत जाते आणि आपण उभ्याउभ्या खाली जातो, हे त्यांना अजून आठवत होतं. आठवत होतं डोक्याला. पायाला विचारलं तर त्याच्याकडं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले, चपलेत पाय घालून बेसिनपाशी गेले, तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि तोल गेला. चक्कर वगैरे काही नाही. नुसते डोळे मिटल्यावर शरीराला खाली काही आहे याची खात्री पटेना, आणि ते एका बाजूला असं कलायला लागलं, की नळाची तोटी हाताशी आली नसती तर कपाळमोक्षच व्हायचा. तोटी धरली ती फिरली आणि पाण्याचा फवारा सगळ्या भिंतीवर. “बेसिनशी काय मारामारी चाललीय?” बायको बाहेरून ओरडली. मग आत आली, आणि तिची चेष्टा जागच्या जागी विरली. मास्तर एका हातानं तोटी आणि एका हातानं टॉवेलची दांडी धरून, तोंडभर फेस घेऊन, वादळात अडकलेल्या माणसासारखे उभे होते. तिनं त्यांचं तोंड पुसलं. साबण डोळ्यांत गेला होता. “किती दिवस?” तिनं विचारलं. “काय किती दिवस?” “उगीच वेड पांघरू नका. मागं तुमच्या टाचेत टाचणी घुसली होती, आणि स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत रक्ताचे ठिपके मी पुसले. तुम्हाला पत्ता नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, यांची कातडीच जाड.” ती हे रागानं म्हणाली, पण तिचा हात त्यांच्या दंडावरून सुटला नाही. गादीवाल्या माणसाची गोष्ट त्यांनी तिला सांगितली नाही. सांगणार होते. जेवताना सांगू म्हणाले, मग उद्या.

डॉक्टर म्हणजे त्यांच्या मुलीच्या वयाची पोरगी होती आणि त्यांना काका म्हणत होती. तिनं त्यांना पलंगावर झोपवून बूट-मोजे काढायला लावले. आपले पाय दुसऱ्याच्या हातात पाहून मास्तरांना लाज वाटली. तिनं एक बारीक ताठ नायलॉनचा दोरा काढला. “काका, हा मी ठिकठिकाणी टेकवणार. लागला की ‘हो’ म्हणा.” मास्तर झटक्यात ‘हो’ म्हणत सुटले. हो. हो. हो. पठ्ठ्यानं एकही चुकवला नाही. इतक्यात बायको म्हणाली, “अहो, डोळे मिटा ना. बघून उत्तरं देताय तुम्ही.” परीक्षेचा रस्ता पाठ करून येणारे कितीतरी विद्यार्थी मास्तरांनी आजवर पकडले होते, आज बायकोनं त्यांना पकडलं. त्यांनी डोळे मिटले. आत नुसता लालसर काळोख, आणि खोलीत पंख्याचा आवाज. पाय कुठं होते? गुडघ्यापर्यंत होते. त्याच्याखाली काहीतरी होतं असा समज होता. बराच वेळ झाला, आता लागलाच असणार, म्हणून ते म्हणाले, “हो.” “काका,” डॉक्टर हळूच म्हणाली, “मी अजून लावलाच नाहीये.”

मग तिनं त्यांना उभं केलं. पाय जुळवून, हात समोर. डोळे उघडे होते तोवर मास्तर शिपायासारखे ताठ. मिटल्याबरोबर जमीन एका बाजूनं उचलली गेली, आणि दोन बायकांनी दोन्हीकडून त्यांना धरलं. डॉक्टर समजावून सांगत होती. पायांकडून वर निरोपच जात नाहीये. आपण कुठं टेकलोय, किती वाकलोय, हे पाय सांगतात म्हणून माणूस अंधारातही उभा राहतो. तुमचं इतके दिवस डोळ्यांनी सांभाळून घेतलं. पंज्याचे स्नायूही बारीक झालेत, बोटं वळायला लागलीत, म्हणून पाऊल आपटत पडतं. “गेलं ते परत येतं?” बायकोनं विचारलं. “फारसं नाही. आहे ते राखायचं. साखर आवाक्यात ठेवा, रोज पाय तपासा, अनवाणी अजिबात नको, रुंद पंज्याचे बूट घ्या. पडायचं नाही, हे पहिलं.” मग लिहिता लिहिता तिनं वर न बघता विचारलं, “काका काम काय करता?” मास्तर म्हणाले, “शिकवतो.” “अरे वा. मग बरंय. फार वेळ उभं राहून शिकवू नका, खुर्चीत बसूनच शिकवत जा.” बायकोनं तोंड उघडलं. मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं तोंड मिटलं. बाहेर आल्यावर जिन्याचा कठडा धरून ती म्हणाली, “खोटं का बोललात?” “खोटं कुठं बोललो? शिकवतोच की. खुर्चीतच बसून शिकवतो.” ती दोन पायऱ्या खाली उतरली आणि वळली. “ज्या दिवशी कुणी जाईल ना गाडीखाली, त्या दिवशीही असंच सांगा, शिकवत होतो म्हणून.” त्यानंतर घरापर्यंत ती चार पावलं पुढंच चालली. मास्तरांना वाटलं, आता सांगावं हिला, की जवळजवळ गेलाच होता एक. पण ज्या माणसानं आपल्याला इतकं नेमकं ओळखलंय त्याला आणखी काय सांगायचं.

आणि तरी ते दुसऱ्या दिवशी गेले. का गेले, याचं उत्तर त्यांच्याकडं तयार होतं. अशा वेळी माणसाकडं उत्तरांची कमी नसते. बाईंची परीक्षा पुढच्या आठवड्यावर आलीय. तेवढं पार पडू दे. आता मध्येच सोडलं तर त्या जन्मात पुन्हा चाकामागं बसायच्या नाहीत, आणि त्यांचा नवरा खिडकीशी बसून खालच्या गाडीचा रंग आठवत राहील. बाईंसाठीच तर चाललंय. हे स्वतःला सांगत मास्तरांनी नवे रुंद पंज्याचे बूट चढवले, खाली वाकून, डोळ्यांनी बघत नाड्या बांधल्या आणि गाडी घेऊन निघाले. पण रस्त्यात दुसराच विचार खालून वर येत राहिला, की बाई गेल्या तर आपण उरतो कोण? ब्रेकमास्तर. ज्याला ब्रेक सापडत नाही. घरी बसून पायाच्या बोटांमध्ये मलम चोळणारा म्हातारा. त्यांना भीती वाटत होती ती याची, आणि ती बाईंच्या नावावर खपवणं सोयीचं होतं, हेही त्यांना कळत होतं. कळून करायचं काय?

त्यांनी एक युक्ती काढली होती. पायाला कळत नाही ना? मग डोळ्यांनी बघायचं. बाईंनी गाडी काढली, “पहिला,” त्या पुटपुटल्या, आणि मास्तरांनी मान खाली घालून आपला बूट ब्रेकवर बरोब्बर मधोमध ठेवला. छान. वर पाहिलं. पुढं चौकातला सिग्नल, कडेला रंगाचे डबे उतरवणारी हातगाडी. पुन्हा खाली. बूट जागेवर. वर. हातगाडी मागं गेली होती. खाली. बूट जरा सरकला होता का? की गाडी वळली म्हणून तसं वाटलं? त्यांनी तो उचलून पुन्हा ठेवला. वर पाहिलं, तर समोर शाळेचं फाटक आणि पट्ट्यांचा रस्ता, आणि गाडी थांबलेली. बाईंनी थांबवली होती, अगदी अलगद. पट्ट्यांवरून एक म्हातारं जोडपं एकमेकांचा हात धरून चाललं होतं. मास्तरांनी त्यांना पाहिलंच नव्हतं. डोळे दोनच. रस्त्यावर ठेवले तर पाय हरवतो, पायावर ठेवले तर रस्ता. इतकी सरळ गोष्ट त्यांना इथं, बाजूच्या सीटवर बसल्यावर समजली. “मास्तर,” बाई आरशातून नजर न हलवता म्हणाल्या, “आज खाली काही पडलंय का तुमचं?” “नाही, नाही. चला तुम्ही.” चढावर त्यांनी गाडी उभी करायला लावली. याच चढावर आजवर निम्मे विद्यार्थी मागं घसरत आणि मास्तरांचा पाय त्यांना झेलत असे. बाईंनी क्लच अर्धा धरला, इंजिनाचा सूर जाड झाला, गाडी तसूभरही मागं न जाता वर निघाली. फार सुंदर काढली. इतक्या सुंदर गोष्टीची बातमी मास्तरांच्या तळव्याला मिळाली नाही. ती त्यांनी दिसली तेवढी खिडकीतून पाहिली, रस्त्यावरच्या कुणीही पाहावी तशी. मग मात्र त्यांच्यानं राहवेना. “बाई, पुढं गोदामांच्या भिंतीला लावा गाडी. जरा थांबू.”

बाईंनी गाडी भिंतीला नीट लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. भिंतीवर ऊन होतं. मास्तरांनी घसा साफ केला, आणि बराच वेळ मनात घोळवलेलं वाक्य एकदाचं उच्चारलं. “बाई, माझा पाय ब्रेकवर नव्हता.”

आणि बाईंचा चेहरा एकदम उजळला. अरे देवा! हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? शेवटच्या दिवसांत शिकणाऱ्याला न सांगता मास्तर ब्रेकवरून पाय काढून घेत, तासभर त्याला एकट्याला चालवू देत, आणि मग गाडी कडेला लावून हेच वाक्य म्हणत. माझा पाय ब्रेकवर नव्हता. म्हणजे तुम्ही तयार झालात. तीच त्यांची शाबासकी. या वाक्यावर मोठमोठे बाप्ये डोळे पुसताना त्यांनी पाहिले होते. “खरंच?” बाई म्हणाल्या, आणि मोठ्यानं हसल्या. त्यांना एवढा आवाज आहे हे मास्तरांना आज कळलं. “आमच्या काउंटरवरची तुमच्याकडं शिकलीय ना, ती म्हणाली होती मला, मास्तर हे वाक्य उगीच कुणाला देत नाहीत. मी रोज वाट बघायची हो! थांबा, आधी यांना सांगते.” त्यांनी पर्समधून फोन काढला सुद्धा. मास्तर बघत राहिले. किती सोपं होतं. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं. बाई नवऱ्याला सांगतील, पुढच्या आठवड्यात पास होतील, पेढ्यांऐवजी बिनसाखरेची बिस्किटं आणून देतील, आणि मास्तर तब्येतीचं कारण काढून सन्मानानं घरी बसतील. कुणाचं काय बिघडलं? कुणाचंच नाही. पण पलीकडं बाईंचं बोट फोनवर नाव शोधत होतं, आणि ते बोट आनंदानं थरथरत होतं. त्या थरथरीवर आपला काही हक्क नाही, असं मास्तरांना फार आतून वाटलं.

“फोन ठेवा, बाई.”

“का हो?”

“आजचं नाही म्हणत मी. म्हणजे आजही होता की नाही, देव जाणे. पण त्या दिवशी. तो गादीवाला आडवा आला तेव्हा. पाय मी दाबला, पण ब्रेकवर नव्हता तो. शेजारी होता. मला कळलंच नाही. मला पायाचं काही कळत नाही, बाई. साखरेनं मेलेत ते. डॉक्टरनं दोरा टेकवला नव्हता तरी मी ‘हो’ म्हणालो.”

बाईंचं बोट थांबलं. “मग गाडी थांबवली कुणी?”

“तुम्ही.”

हे ऐकून त्यांना निदान बरं वाटेल, असा एक वेडा विचार मास्तरांच्या मनात होता. बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज पुन्हा ग्रंथालयातला झाला होता, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. “मी घरी सांगितलं, मास्तरांनी वाचवलं. काउंटरवर सांगितलं. रात्री झोपताना मनातल्या मनात तुम्हाला हात जोडले मी.” त्यांनी पट्टा सोडला. “आमच्या यांनी काय केलं माहितीये? दिसत नव्हतं, तरी वर्षभर गाडी चालवली. मला शेजारी बसवून. बोलता बोलता विचारायचे, काय गं, हिरवा झाला का? पुढचा ट्रक फार हळू चाललाय, नाही? मला वाटायचं, गप्पा मारतायत. वर्षभर मी त्यांचे डोळे होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा मी म्हटलं, बास. आता कुणाच्या भरवशावर बसायचं नाही, स्वतः शिकायचं. आणि आले ती तुमच्याकडं.” त्या हसल्यासारखं काहीतरी करून थांबल्या. “तुम्हा लोकांना सांगताच येत नाही का हो?”

“सांगितलं असतं तर तुम्ही शिकला असतात का?”

“ते मला ठरवू द्यायचं होतं.”

इतकी वर्षं मास्तर बाजूला बसून ठरवत आले होते, कुणी कधी थांबायचं, कुणी कधी तयार झालं. समोरच्याला विचारायचं असतं हे त्यांच्या धंद्यात कुठं बसतच नव्हतं. “मला माफ करा,” असं ते म्हणाले, आणि ते मनापासून होतं, पण बाहेर पडताना फार किरकोळ वाटलं. बाईंनी दार उघडलं, एक पाय खाली ठेवला. जाणार आता, मास्तरांना वाटलं. जावं त्यांनी. “मी गाडी नेईन घरी,” ते म्हणाले, “तुम्ही काळजी नका करू.” बाई तशाच थांबल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. “कशी नेणार? याच पायांनी?” मास्तरांनी आपल्या बुटांकडं पाहिलं. “आणि सकाळी माझ्या दारापर्यंत कशी आणलीत? याच पायांनी?” रस्त्यानं एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती, दोघांनी ती पार पुढं जाईपर्यंत तिच्याकडं पाहिलं. मग बाईंनी पाय आत घेतला आणि दार ओढून लावलं.

“कुठं राहता?”

मास्तरांनी रस्ता सांगितला. बाजारातून जाणारा, गर्दीचा. या रस्त्यावर त्यांनी बाईंना अजून नेलं नव्हतं. बाईंनी पट्टा लावला. चावीला हात घातला, पण फिरवली नाही.

“पाय मागं घ्या.”

“कुठला?”

“दोन्ही. त्या पॅडलपासून लांब, सीटखाली. तिथं कुणी नाहीये हे मला डोळ्यांनी दिसू दे.”

मास्तरांनी दोन्ही पाय मागं घेतले. घेतले असं त्यांना वाटलं, आणि ते पुढं बघत बसले. गाडी निघेना. बाजूला पाहिलं तर बाई खाली बघत होत्या, म्हणून त्यांनीही पाहिलं. डावा सीटखाली आला होता. उजवा तिथंच होता. नव्या बुटाचं रुंद टोक ब्रेकच्या खाली अडकलं होतं आणि त्यांना सांगायला कुणी आलं नव्हतं. ते वाकले. दोन्ही हातांनी पोटरी धरून त्यांनी तो पाय सोडवला, उचलला आणि मागं नेऊन ठेवला. बाईंनी मदत केली नाही, नजरही वळवली नाही. पुरतं होईतो पाहत राहिल्या. मग त्यांनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

बाजाराचं तोंड आलं, माणसं दोन्हीकडून अंगावर यायला लागली. मास्तरांनी दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली.